सहा चौकोनांतली गल्ली

मे महिन्यात अमरावतीत जो माणूस पंखा बंद करून घरात बसतो, तो एकतर आजारी असतो किंवा संशोधक. सहासष्ट सालच्या उन्हाळ्यात मी संशोधक होतो, आणि माझी बायको शालू मला आजारी समजत होती. पंखा बंद ठेवण्याला कारण होतं. आमच्या दोन्ही खोल्यांत, पलंगावर, खिडकीत, एवढंच काय पण चुलीच्या ओट्यावरसुद्धा आखीव कागद पसरले होते आणि प्रत्येक कागदावर एक गणित होतं. कागद उडू नयेत म्हणून कुणावर वरवंटा, कुणावर खलबत्ता, कुणावर तिखटमिठाचे डबे. वरणाला फोडणी द्यायची तर शालूला आधी मोहरीच्या डब्याखालचा भागाकार हलवावा लागे.

मी कॉलेजात गणित शिकवायचो. माझा नागपूरचा वर्गमित्र मधुकर चिमोटे, मूळचा अकोल्याचा, मुंबईला एका संशोधनसंस्थेत लागला होता आणि तिथे खोलीभर मोठं गणकयंत्र होतं. मी ते पाहिलं नव्हतं. पण त्याची पत्रं मी इतक्यांदा वाचली होती की ते यंत्र माझ्या स्वप्नात येई आणि मला 'या सर, बसा' म्हणे. तर या यंत्राला फक्त आकड्यांची भाषा कळते. माणसाने ती लिहायची म्हणजे डोळे जायची पाळी. म्हणून आपण आपल्या सूत्रांच्या भाषेत लिहायचं आणि मध्ये एक दुभाष्या बसवायचा. हा दुभाष्या हाडामांसाचा नाही, तोही एक प्रोग्रॅमच. इंग्रजीत त्याला कंपायलर म्हणतात. त्याला पुढचं तोंड असतं, त्याने तो आपलं ऐकतो, आणि मागचं तोंड असतं, त्याने तो यंत्राला सांगतो. (पुढच्या तोंडाने ऐकतात कसं, असं शालूने विचारलं होतं. मी विषय बदलला.)

चिमोटेची मंडळी हे मागचं तोंड नव्याने बांधत होती. ते नीट बोलतं की नाही हे तपासायला त्यांना एकशेवीस छोटी गणितं हवी होती, ज्यांची उत्तरं आपल्याला आधीच ठाऊक आहेत अशी. यंत्राकडून उत्तर चुकीचं आलं, की दुभाष्याने कुठेतरी माती खाल्ली हे कळणार. ते काम चिमोटेने मला दिलं आणि पत्राच्या शेवटी लिहिलं, 'गठ्ठा चोख आला तर आमचे डॉक्टरसाहेब तुला वर्षभरासाठी इथे बोलावून घेतील. जागा एकच आहे. पुण्याचे एक गृहस्थही गणितं पाठवत आहेत.'

हे शेवटचं वाक्य त्याने लिहिलं नसतं तर मी पंखा चालू ठेवला असता.

गणितं मी चार दिवसांत केली. घोडं अडलं ते नावांवर. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर सहा चौकोन होते, त्यांत रोमन अक्षरांत नाव लिहायचं. सहापेक्षा जास्त अक्षरं नकोत, दोन नावं सारखी नकोत, आणि नाव वाचताच आत काय आहे ते आठवलं पाहिजे. वीस तारखेला चिमोटे बहिणीचं लग्न उरकून संध्याकाळच्या गाडीने अकोल्याहून मुंबईला परतणार होता. त्याआधी गठ्ठा स्टेशनवर त्याच्या हातात पडायला हवा.

आधी मी सरळ 'टेस्ट एक, टेस्ट दोन' असे आकडे घातले. सदतिसाव्या गणितापर्यंत पोचलो आणि बारावं कशाचं होतं ते मला सांगता येईना. शिवाय अकरा आणि बारा यांच्या मध्ये एक नवीन गणित सुचलं, त्याच्यापुढे आणखी एक सुचलं, आणि 'अकरा अ'चा 'अकरा अ ब' झाला तेव्हा मी सगळे कागद पुसायला घेतले.

अशा वेळी माणसाने दार लावून घ्यावं. मी लावलं नाही, आणि शेजारचे नत्थुजी आत आले.

नत्थुजी तहसीलीच्या रेकॉर्ड-रूममधून छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालेले. कागद दिसला की त्यांचा हात आपोआप त्याचे कोपरे सारखे करायला लागे. त्यांनी माझ्या घरभर नजर फिरवली आणि खोल श्वास घेतला.

"मास्तर, हे काय करून राहिले तुमी? कागदायचा असा बजार मांडते काय कोनी? बस्ते बांधा, फडक्यात बस्ते! आन् मौज्यापरमानं लावा. एकेका गावाचा एकेक बस्ता. छत्तीस वर्सात माह्या हातून एक कागद गहाळ नाई झाला."

मला कल्पना आवडली. बेरजेला अकोट द्यावं, चार अक्षरांत बसतं. पण भातकुली लिहायला गेलो तर रोमनमध्ये आठ अक्षरं. नांदगाव खंडेश्वरचं तर बोलूच नका, आणि नत्थुजी नेमके नांदगाव खंडेश्वरचे.

"नुसतं अर्धं नांदगाव लिवता? ते लोक नाशकाकडलं नांदगाव समजतीन ना!"

"सहाच चौकोन आहेत, नत्थुजी."

"त वाढवून मागा. अर्ज करा. मी लिवून देतो."

त्यांनी खरोखरच अर्ज लिहिला, 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर' असा. तो अजून माझ्याकडे आहे. नत्थुजींनी दोन दिवस पाठपुरावा केला आणि शेवटी माझी गावांची योजना मोडली.

खरा मार्ग सापडला तो समोरच्या माणिकबाईंमुळे. माणिकबाई आमच्या ओसरीवर शालूजवळ गहू निवडत बसल्या होत्या आणि बोलत होत्या. गल्लीतली अकरा घरं, त्यांतल्या सुना, दिलेल्या लेकी, त्यांच्या नणंदा, भाचे, कोण कसं, कोण कोणाचं, एकही नाव न अडखळता, एकही माणूस दुसऱ्याच्या घरात न घालता. मी आत भागाकारावर वरवंटा ठेवत होतो. हात तसाच राहिला. या बाईंना शंभरावर माणसं तोंडपाठ आहेत, कारण प्रत्येक माणसाला घर आहे आणि प्रत्येकाला एक खोड आहे! मी वरवंटा टाकून ओसरीवर धावलो. तो पायावर पडला, पण मला दुखलंसुद्धा नाही.

गणितांचे अकरा प्रकार, गल्लीतली अकरा घरं. एक घर म्हणजे एक बस्ता, आणि घरातल्या माणसाच्या स्वभावाप्रमाणे गणित! नाव लांब असलं तर सहा अक्षरांवर कापायचं; गल्लीतला माणूस तेवढ्यावरही ओळखू येतो. खुशालराव साखरेच्या दुखण्यामुळे रोज सकाळी गल्लीला सात फेऱ्या घालतात, तर तीच तीच ओळ सात वेळा फिरवणाऱ्या गणिताला खुशालराव. माणिकबाईंची मैना अकोटला दिलेली, पण दर पंधरवड्याला माहेरी येते आणि जिथून आली तिथेच परत जाते, तर उडी मारून दुसरं काम करून जागेवर परतणाऱ्या गणिताला मैना. संपता संपत नाही अशा गणिताला माणिकबाई. (हे मी त्यांना 'दीर्घ गणित' असं सांगितलं.) शंभर आकडे एकही न विसरता मिळवायचे, त्याला शालू. मोठ्या आकड्याला शून्याने भागायला सांगून दुभाष्याला कोंडीत पकडायचं, त्याला नत्थुजी. माणसं संपली तेव्हा मी माणिकबाईंची म्हैस चंद्री घेतली. दोन रात्री मला आनंदाने झोप आली नाही. पुण्याच्या गृहस्थांकडे माणिकबाई नव्हत्या!

शालूने ही गोष्ट माणिकबाईंना 'कोनाले सांगू नका' असं बजावून सांगितली, म्हणजे गल्लीभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातव्या फेरीनंतर खुशालराव सरळ घरात शिरले.

"माहं गनित कोनतं? दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं. "हे त लय सोपं दिसून राह्यलं. मास्तर, मी सोपा मानूस आहो काय?"

मग नत्थुजी आले. त्यांच्या गणिताला उत्तरच नाही हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यांचा चेहरा उतरला होता. मी घाईघाईने समजावलं, की नत्थुजी, दुभाष्याला जे गणित अडवतं तेच सगळ्यांत मोलाचं. सोप्या गणितांतून तो सुटतो, तुमच्यापाशी येऊन थांबतो.

"म्हनजे आलेल्या मानसाले मी पुढं जाऊ नाई देत?"

"अगदी बरोबर."

नत्थुजी उजळले. "तहसीलीत मी दुसरं काय केलं, मास्तर!" त्यांनी ही वार्ता स्वतःच गल्लीत पसरवली आणि दुपारपर्यंत सगळ्यांना अडवणारीच गणितं हवी झाली. माझ्या दारात रांग लागली. माणिकबाईंचं म्हणणं आणखी वेगळं होतं. त्यांच्या धाकट्या सुनेची चूल त्याच आठवड्यात वेगळी झाली होती, तेव्हा तिचं गणित थोरलीच्या बस्त्यात राहता कामा नये. मी म्हटलं, हे शास्त्र आहे, यात चुली येत नाहीत. माणिकबाई त्या दिवसापासून शालूशी बोलेनाशा झाल्या आणि आमच्या ओसरीवर पहिल्यांदाच शांतता पसरली. ती मला सहन झाली नाही.

त्यात कॉलेजची परवानगी. बाहेरच्या संस्थेकडे काहीही पाठवायचं तर यादीवर कॉलेजचा शिक्का हवा. हेडक्लार्क चंद्रभानजींनी माझी 'चाचण्यांची यादी' चष्म्याखालून वाचली.

"एकशेवीस उमेदवार. यायचे प्रवेश-अर्ज कुठं आहेत?"

"हे उमेदवार नाहीत, चंद्रभानजी. ही गणितांची नावं आहेत."

"मैना. इवाहित आहे का? मंग सासरचं नाव काहून नाई?" असं करत ते पार शेवटपर्यंत गेले, मग यादी मिटून बाजूला ठेवली आणि छताकडे बघत म्हणाले, "आमच्या ऑफिसातलं कोनी नाई दिसलं यात."

मला इशारा कळला. पण चंद्रभान हे नाव सहा चौकोनांत कापून बसवलं की जे उरतं, ते माणिकबाईंच्या म्हशीने आधीच अडवलेलं होतं, आणि दोन नावं सारखी चालणार नव्हती. मी तिथल्या तिथे म्हशीला कमी केलं. शिक्का बसला. जागा आधी कोणाची होती, हे मी त्यांना आजतागायत सांगितलेलं नाही.

म्हैस गेली, तिचं गणित चंद्रभानजींच्या नावावर चढलं. पण यादीच्या डोक्यावर मी एकशेवीस लिहिलं होतं, आणि हे सगळं निस्तरताना मोजलं तर नावं एकशेएकोणीसच; शिक्क्याच्या वरची एक ओळ कोरीच होती. एक गणित आणि एक नाव कमी!

त्याच दुपारी माझे वडील आले. भातकुलीकडच्या आमच्या खेड्याहून, पिशवीत कैऱ्या आणि डोक्यावर ओला दुपट्टा. बाबांचं असं, की आले की कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायचे. कुणी विचारलं तर मान हलवायचे. दिवसभर त्यांच्याकडे कुणाचं लक्षही जात नसे. आणि निघताना चपला पायात घालता घालता एकच गोष्ट बोलायचे, नेमकी, जिच्यासाठी आलेले असत ती. छप्पनच्या दीक्षेनंतर गावातल्या बौद्ध पोरांनी वर्ग काढला, तेव्हा पन्नाशीत ते सही करायला शिकले. त्याआधी त्यांच्या नावाचं काम अंगठाच करत असे.

त्यांच्याकडे बघता बघता मला शेवटचं गणित सुचलं. अगदी साधं. पहिल्या ओळीत एक आकडा ठेवायचा, सतरा. मग मध्ये चाळीस ओळी दुसरीच गडबड, सतराकडे ढुंकून बघायचं नाही. आणि शेवटच्या ओळीत विचारायचं, बाबा, तुम्ही किती? उत्तर सतरा यायला हवं. बस. मी चौकोनांत नाव लिहायला घेतलं. डी, ओ, एम, ए, जे, आय. डोमाजी. बरोबर सहा! एकशेवीस नावांत एवढं चपखल बसलेलं दुसरं नव्हतं. यादीतल्या कोऱ्या ओळीत मी ते उतरवलं आणि कागद त्यांना दाखवला.

"बाबा, हे तुमचं नाव."

त्यांनी प्रत्येक चौकोनावर बोट ठेवून पाहिलं. "एकई घर खाली नाई राह्यलं," ते म्हणाले, आणि संध्याकाळच्या बसने गेले. त्या खेपेला दुसरं काही बोललेच नाहीत.

वीस तारखेला मी गठ्ठा घेऊन निघालो तेव्हा नत्थुजी बरोबर यायला तयार होते. गठ्ठा त्यांनी तांबड्या फडक्यात, तहसीलीच्या गाठीने बांधला होता आणि ती गाठ दुसऱ्या कुणाला सुटत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. माणिकबाई मैनेकडे अकोटला जायला निघाल्या होत्या, अकोल्यापर्यंत त्याच गाडीने. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, पण पिशवी माझ्याच हातात दिली.

बडनेऱ्याला गाडी बदलायची. फलाटावर उभे असताना माझ्या मनात शंका आली, की शिक्क्याची यादी आत घातली आहे ना? मी नत्थुजींना गाठ सोडायला लावली. ती सुटत नाही म्हणतात ते खोटं नव्हतं. पाच मिनिटं झटल्यावर ती एकदम सुटली, आणि त्याच क्षणी फलाटावरून वावटळ गेली.

एकशेवीस कागद! काही रुळांवर, काही चहावाल्याच्या शेगडीजवळ, एक एका फौजदाराच्या छातीवर जाऊन चिकटला. मी "शून्याने भागू नका, शून्याने भागू नका!" असं काहीतरी ओरडत धावलो, असं नत्थुजी नंतर सांगत. हमाल धावले, प्रवासी धावले, सगळ्यांनी मूठमूठ कागद आणून माझ्यापुढे टाकले. आणि गाडी यायला वीस मिनिटं. क्रम गेला. माझी सगळी मुंबई त्या ढिगात होती.

माणिकबाईंनी पदर खोचला. "वाचा तुमी नावं नत्थुजी. मी सांगतो कोन कुठली."

नत्थुजी वाचू लागले आणि माणिकबाई हात दाखवू लागल्या. "गोदी? खुशालरावाची साळी, तिकडं ठेवा. बुधाजी? पलीकडच्या घरचा. मैना आमची. थांबा, ही धाकली. तिचा येगळा बस्ता करा." मी निमूटपणे बाराव्या बस्त्याला जागा करून दिली. पंधरा मिनिटांत अकराऐवजी बारा घरं फलाटावर ओळीने मांडली गेली, आणि खरं सांगतो, बारा प्रकारच मला आधी सुचायला हवे होते. धाकट्या सुनेचं गणित थोरलीच्या जातीचं नव्हतंच.

नत्थुजींनी मोजलं. परत मोजलं. "एकशेएकोनीस. एक कमी आहे. डोमाजी."

गाडी फलाटाला लागली होती. आम्ही रुळांवर वाकून पाहिलं, शेगडीत पाहिलं. नाही. डब्यात चढताना मी म्हटलं, "जाऊ द्या. सगळ्यांत सोपं गणित होतं ते. यादीतलं नाव खोडतो."

नत्थुजींनी यादी माझ्या हातातून ओढून घेतली. हा माणूस कधी आवाज चढवत नसे. "बापाचं नाव खोडता? शिक्का मारलेल्या यादीतलं? मास्तर, छत्तीस वर्सं मी लोकायचे कागद राखले. ज्याचा कागद गेला, त्याचं वावर गेलं. बसा इथं, आन् लिवा!"

मला इतकी लाज वाटली की कान तापले. मी त्यांनी पुढे केलेल्या कागदावर, त्यांच्या त्या चौकोन वाढवून मागणाऱ्या अर्जाच्या नकलेच्या कोऱ्या बाजूवर, पट्टीशिवाय चौकोन आखले आणि धावत्या गाडीत आठवून आठवून बेचाळीस ओळी लिहिल्या. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं. अकोला आलं तेव्हा शेवटची ओळ झाली होती. चिमोटे हळदीच्या हातांनी फलाटावर उभा होता. त्याने गठ्ठा चाळला, बारा बस्ते बघून भुवया उंचावल्या, आणि तो वेडावाकडा कागद बघून म्हणाला, "हे काय रे? डॉक्टरसाहेब काय म्हणतील?"

पुढचे सात आठवडे मी पोस्टमनच्या आधी गल्लीच्या तोंडाशी उभा असायचो. माझ्यामागे नत्थुजी, त्यांच्यामागे आठव्या फेरीला निघालेले खुशालराव. आणि जुलैच्या एका सोमवारी पत्र आलं! मी ते तिथेच फोडलं, फोडताना अर्धं फाडलं. ते वाचून मी खुशालरावांना मिठी मारली, शालूला हाका मारल्या, आणि मग कुणालाही काही न सांगता भातकुलीची बस धरली.

बाबा अंगणात कपाशीची पऱ्हाटी निंदायचे विळे पाजवत बसले होते. मी धापा टाकत पत्र वाचायला लागलो. पुण्याच्या गृहस्थांची सगळी गणितं दुभाष्याने बिनचूक सोडवली, म्हणून ती काहीच कामाची ठरली नाहीत. आपली एकशेएकोणीस त्याने सोडवली. नत्थुजीसुद्धा त्याला अडवू शकले नाहीत; शून्य बघून तो शहाण्यासारखा नकार देऊन पुढे गेला. पण डोमाजीला तो चुकला. सतराऐवजी त्याने भलताच आकडा सांगितला. त्यांनी आठ दिवस खोदलं तेव्हा चोर सापडला. जो आकडा बराच वेळ गप्प बसतो, त्याला कुणी विचारत नाही असं समजून हा दुभाष्या त्याची जागा परस्पर दुसऱ्याला देऊन टाकत होता. पहिल्या दिवसापासूनची चूक, कुणाच्या लक्षात आली नव्हती. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, हे डोमाजी कोण? आणि मला ऑगस्टपासून मुंबईला बोलावलं.

बाबांनी विळा खाली ठेवला. "चूक कोनाची निंगाली मंग?"

"त्याची, बाबा. तुमची नाही. तुम्ही सतराच होता, त्याने तुमची जागा दुसऱ्याला दिली."

"हं," ते म्हणाले. याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"आणि पुढे ऐका. आता तिथे नियम केलाय. दुभाष्यात कुणी काहीही बदल केला, कितीही मोठा साहेब असो, तर आधी डोमाजीला विचारायचं. डोमाजी बरोबर बोलला तरच पुढचं काम."

बाबांनी विळा उचलून धारेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी विचारलं, "रोज इचारतेत?"

"रोज. सकाळी पहिलं तेच."

परतीची बस वेशीवर हॉर्न देत होती. मी उठलो, ते मला सोडायला कुंपणापर्यंत आले, आणि मी बसकडे पळायला लागलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"धर्मा! त्याईले लिवून दे. म्हना, इचारा कवाई, मी घरीच आहो."